व्याह्यांच्या हातातला पाना

“व्याही आलेत, पण पाणी घेईनात,” शालन स्वयंपाकघराच्या दारातून कुजबुजली. “तांब्या पुढं केला तर म्हणाले, आत्ताच घेतलंय. आता बघा तुम्हीच काय ते.”

माझ्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं, ते मी तसंच खाली ठेवलं.

“आणि बसलेत कसे?”

“कसे म्हणजे? खुर्चीत. हात मांडीवर. फोटो काढायला बसल्यासारखे.”

नातीच्या बारशाचा तो दिवस. ती नात आता कॉलेजात जाते आणि मोबाइल कसा वापरायचा ते मला शिकवते, म्हणजे गोष्ट तशी जुनीच. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधून मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. कारखान्याजवळच्या गावात लहानसं घर बांधलं होतं आणि राजश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ-बाळंतीण ठणठणीत, घरभर डिंकाचा नि शेपांचा वास. खरं तर त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं व्हायला हवं होतं. पण अंगणात गणपतराव डुबल बसले होते आणि माझं सगळं लक्ष तिकडंच लागलं होतं.

गणपतराव म्हणजे राजश्रीचे सासरे. कराडच्या बाजारात धान्याचे व्यापारी. बोलायला मोजके, वागायला सरळ, पोरीला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. पण लग्नाच्या दिवशी पंगत बसायच्या वेळी हा माणूस मांडवातून उठला, जीपमध्ये जाऊन बसला आणि जेवलाच नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर आमच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता. राजश्री एकदा सहज बोलून गेली होती, “आण्णा, तुमचं नाव निघालं की मामंजी उठून बाहेर जातात. म्हणून मी आता काढतच नाही.” हे तिनं हसत सांगितलं होतं. मला मात्र ते फार लागलं. ज्या घरात आपल्या बापाचं नाव काढायची चोरी, त्या घरात पोरीनं जन्म काढायचा? आज ते न जेवता परत गेले, तर तीन महिन्यांनी ती तान्हं बाळ घेऊन त्याच अबोल्यात परत जाणार होती.

रुसव्याचं कारण आम्ही शोधून शोधून थकलो होतो. शालन म्हणायची, फेट्याचा रंग चुकला. माझा मेहुणा म्हणायचा, आहेरातलं धोतर पातळ निघालं. मला कशातच काही सापडत नव्हतं, कारण लग्नात मानपानात मी तसूभर कमी केलं नव्हतं. पांढऱ्या खोळीची खुर्ची, शेजारी पंखा, सरबत विचारायला एक पुतण्या खास नेमलेला. दुपारी वावटळ उठून मांडवाचा खांब कलला, तेव्हा गणपतराव स्वतः धावले होते. मी लगबगीनं गेलो, त्यांचा हात धरला आणि “तुम्ही हात लावायचा नाही, तुमच्या मानाला शोभत नाही,” असं म्हणत त्यांना परत खुर्चीत नेऊन बसवलं होतं. आता याहून जास्त काय करायचं माणसानं?

“आज तोंड जपा,” शालननं बजावलं. “तुमचं तोंड म्हणजे कारखान्याचा भोंगा. तीस माणसांवर ओरडायची सवय. त्यांच्यापुढं नुसतं हसा. आणि पाय धुवायला ऊन पाणी तरी न्या, तेवढं तरी घेतील.”

मी बादली घेऊन न्हाणीघराकडं गेलो. तिथं हौसाक्काचं राज्य होतं. हौसाक्का म्हणजे बाळाला नि बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. गावातल्या निम्म्या पोरांची डोकी तिनं चोळून गोल केलेली, त्यामुळं ती कुणाला भीत नसे. दोघींच्या आंघोळी उरकून ती पाट धूत होती. मी आत पाऊल टाकलं आणि थबकलो.

भिंतीवरचा गिझर कण्हत होता.

माझं सारं आयुष्य वाफेच्या शेजारी गेलं. पाणी नुसतं तापतं तेव्हाचा आवाज वेगळा आणि तापलेल्या पाण्याला वाट मिळत नाही तेव्हाचा वेगळा. मी खाली उभं राहून वर बघितलं. गिझरच्या पोटाखाली पितळेचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की तो चार थेंब बाहेर सोडतो आणि टाकीचा जीव वाचवतो. आमचा तो जुना झाला होता, महिनाभर सारखा ठिबकत होता. त्या व्हॉल्व्हच्या नाकात बाभळीची खुंटी ठोकलेली होती, आणि वरून पांढऱ्या सिमेंटचा छान गुळगुळीत लेप.

मी आधी बटण बंद केलं. मग ऊन पाण्याचा नळ हळूच सोडला. नळ खोकला, फुरफुरला आणि पाण्याबरोबर वाफेचा भपकारा बाहेर आला. हौसाक्का भिंतीला चिकटली.

“हे कुणी केलं?”

“म्या केलं,” ती म्हणाली. “आन् मालकिणीनं सिमिट दिलं. सारखं टिपटिप, टिपटिप. बाळंतिणीच्या न्हाणीत ओल ऱ्हाऊन चालतंय व्हय? सर्दी झाली असती लेकराला.”

“आणि हा तापमानाचा काटा शेवटपर्यंत कुणी फिरवला?”

“तुमचं पानी कोमट यायचं. बाळंतिणीला कढत पानी लागतं, आंगाला चटका बसाय पायजे.”

मी कपाळावर हात मारला. आमच्या बॉयलर हाऊसमध्ये सेफ्टी व्हॉल्व्हला नुसतं बोट लावलं तरी मी माणसाच्या सात पिढ्यांची आठवण काढत असे. आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोनं सिमेंट कालवून दिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नवीन व्हॉल्व्ह आणून महिना झाला होता, तो कपाटात कागदात गुंडाळलेला पडून होता. आज बसवू, उद्या बसवू. निवृत्त माणसाला उद्या भरपूर असतात.

खुंटी ओढून बघितली, ती आतच मोडली. म्हणजे व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बरं, बटण बंद ठेवून उद्यावर टाकावं, तर घरात पाहुण्यांची ही गर्दी होणार. कुणीतरी येणार, हात धुवायला ऊन पाणी हवं म्हणून बटण दाबणार. पलीकडच्याच खोलीत पाळणा बांधलेला. मला ते सोसलं नसतं.

पाणी कोमट होईपर्यंत नळ वाहू दिला आणि मग गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करून आलो. आता सगळ्या घराचं पाणी तुटलं. स्वयंपाकघरातून लगेच हाकाटी सुरू झाली. काम झटपट व्हायला हवं होतं आणि ते एकट्याचं नव्हतं. एका पान्यानं वरची नळी गच्च धरून ठेवायची आणि दुसऱ्या पान्यानं खालचा व्हॉल्व्ह फिरवायचा. वरची नळी फिरली तर टाकीचा जोडच उखडायचा. जावई त्याच्या आईला नि बहिणीला आणायला स्टँडवर गेलेला. मेहुणा आचाऱ्याशी हुज्जत घालत होता. पुतणे मंडप बांधत होते, म्हणजे मंडपाच्या नावाखाली कुठंतरी पसार झाले होते. हौसाक्कानं पाना बघूनच हात वर केले. “म्या न्हाई बाई. फुटलं बिटलं म्हंजे?”

सगळ्या घरात रिकामा माणूस एकच होता.

“खुळ्यासारखं काही करू नका,” शालननं माझ्या डोळ्यांतलं ओळखलं. “व्याह्यांना न्हाणीत उभं करणार? आधीच रुसलेत, आता पार तुटेल. त्यापेक्षा राहू दे की तसंच!”

“तसंच राहू दे कसं? तू पाळणा बघितलास ना कुठं बांधलाय?”

तिनं पाळण्याकडं बघितलं आणि मला वाट दिली.

मी अंगणात गेलो. खरं सांगतो, कारखान्यात इन्स्पेक्टर आला तरी मी कधी असा चाचरत बोललो नव्हतो.

“गणपतराव, जरा अडचण झालीय. गिझरचा व्हॉल्व्ह बदलायचाय. एक माणूस पाना धरायला पाहिजे, आणि घरात कुणी न्हाई. तुम्हाला सांगणं बरं न्हवं, पण...”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि म्हणाले, “कुठाय न्हाणी?”

न्हाणीघर ते केवढं. आम्ही दोघं आडदांड, एकाच्या कोपराला दुसऱ्याची बरगडी. मी त्यांना वरची नळी दाखवली, पाना लावून दिला. “हे असं धरायचं. हलू द्यायचं न्हाई. एवढंच काम, साहेब. त्रास होतोय तुम्हाला.”

“हूं.”

मी खालून जोर लावला. व्हॉल्व्ह क्षारानं जाम झाला होता. पुन्हा लावला. दारातून विहीणबाईंच्या येण्याचा गलबला ऐकू आला, तसं गणपतरावांनी मान वळवली. पाना निसटला. वरची नळी करकरली.

“अवं, धरा की गच्च!” मी खेकसलो. “ध्यान कुठाय? हाताला काय मेंदी लावलीया?”

बोललो आणि जीभ चावली. दारात शालन उभी होती, तिचा पदर तोंडावर गेला. हौसाक्कासुद्धा दारामागं सरकली, यावरून काय ते समजा. झालं, मी मनात म्हटलं. दोन वर्षं जे धागे सांभाळले, ते एका वाक्यात तोडले.

गणपतरावांनी पाना पुन्हा नळीवर बसवला.

“काय म्हणालात?”

“चुकलं माझं. सवयीनं तोंडातून...”

“न्हाई, परत म्हणा.” त्यांच्या मिशा हलल्या. “लग्न ठरल्यापासनं पहिल्यांदा माणसावानी बोललात माझ्याशी. धरलंय बघा आता. लावा जोर.”

मी जोर लावला. व्हॉल्व्ह जरासा हलला. नळीवर नजर ठेवूनच ते बोलायला लागले, जसं काही ते त्या गिझरलाच सांगत होते.

“मांडवाचा खांब कलला तवा उठलो मी. पोराचं लगीन माझ्या. आणि तुम्ही हाताला धरून बसवलंत. चारशे माणसांत.”

“अहो, तो मान होता!”

“कसला मान? सगळा गाव खांबाला हात लावत होता. माझाच हात तेवढा चालत नव्हता.” त्यांचा आवाज थोडा खाली आला. “पिसाळ, मी बाजारात पोती उचलून वर आलेला माणूस हाय. वीस वर्षं हमाली केली, मग दुकान. मला वाटलं, ह्यांना कुणीतरी सांगितलं असणार. हमालाचा हात नको आपल्या मांडवाला, म्हणून गोड बोलून बसवलं. त्या दिवशी सकाळी मी तुम्हाला इचारलं हुतं, काय काम हाय का? तुम्ही म्हणालात, तुम्ही फक्त बसा. दुपारी पण तेच. आख्खा दिवस नुसता बसलो. परक्याच्या लग्नातबी मी पत्रावळ्या उचलतो हो. आणि पोटच्या पोराच्या लग्नात मला काम न्हाई.”

माझ्या हातातला पाना थांबला. पोती, हमाली यांतलं मला काडीचंही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर मी त्यांना उलट जास्तच मानलं असतं आणि बहुधा आणखी मोठ्या खुर्चीत बसवलं असतं. किती खुळेपणा! दोन वर्षं आम्ही फेट्याचा रंग आणि धोतराचं सूत शोधत बसलो होतो.

“गणपतराव,” मी म्हटलं, “मी भट्टीत कोळसा मारत वर आलोय. हे बघा.” मी बाही वर करून कोपरापाशी भाजल्याचा जुना डाग दाखवला. “मी कुणाचा हात नको म्हणणार? मला वाटलं, मुलाकडचे म्हणजे त्यांना तळहातावर झेलायचं. आमच्या बापानं असंच शिकवलं.”

“आमच्याबी बापानं तेच शिकवलं,” ते म्हणाले. “म्हणून तर बोलता येईना. लावा आता जोर, नळी धरून माझा हात दुखाय लागला.”

मी सगळं अंग टाकून जोर लावला. व्हॉल्व्ह सुटला आणि त्याच्या मागोमाग टाकीतलं सगळं कोमट, तांबूस, क्षाराच्या खड्यांचं पाणी भसाभस खाली आलं. मी बादली धरायच्या आत ते गणपतरावांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरून, मिशांवरून वाहत होतं. क्षणभर ते तसेच पाना धरून उभे राहिले. मग असे हसले, की खोलीत बाळ दचकून रडायला लागलं.

“धरलंय हां मी,” ते हसता हसता म्हणाले. “न्हाई सोडलं!”

नवा व्हॉल्व्ह बसवायला वेळ लागला नाही. आट्यांवर पांढरी टेप त्यांनीच गुंडाळली आणि उलटी गुंडाळताय म्हणून मी पुन्हा एकदा त्यांच्यावर ओरडलो. कॉक सोडला, टाकी भरली, काटा अर्ध्यावर आणून बटण दाबलं. दोघंही मान वर करून वाट बघत उभे. थोड्या वेळानं व्हॉल्व्हच्या नाकातून एक थेंब डोकावला आणि खाली पडला.

“गळतंय की वो!” गणपतराव घाबरले.

“गळू दे. पाणी तापतंय तोवर एवढं गळायलाच पाहिजे. तापायचं थांबलं की हेबी थांबतंय.”

हौसाक्का नाक मुरडून म्हणाली, “मंग येवढा गोंधूळ कशापायी घातलासा? आदीबी गळतच हुतं की.” तिला समजावत बसायला आमच्यापाशी वेळ नव्हता.

त्यांचा सदरा वाळत टाकला आणि मी माझा कारखान्यातला खाकी शर्ट त्यांना दिला. पोटावर जरा ताणला, पण बसला. पाळण्याचा कार्यक्रम बायकांचा. आत्यानं बाळाच्या कानात ‘मधुरा’ म्हटलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. मी बाहेर पंगतीची पानं मांडत होतो. मान वर करून बघतो तर गणपतराव आमटीची बादली घेऊन ओळीतून वाढत चाललेले. वाकून, भराभर, एक थेंब पानाबाहेर न सांडता. सवयीचा हात लगेच ओळखू येतो.

आमच्या भावकीतला एक म्हातारा मला खुणावून म्हणाला, “वाढपी चांगला गाठलास रे. कुठला हाय?”

“कराडचा,” मी म्हटलं. जास्त काही सांगितलं नाही.

विहीणबाई मात्र ओसरीवर उभ्या राहून बघतच राहिल्या. “आवो, हे काय? कुणाचा शर्ट घातलाय? आणि तुम्हाला कुणी लावलं कामाला?”

“पिसाळांनी लावलं,” ते ताठ मानेनं म्हणाले. “ताट घ्या आणि बसा तुम्ही. गरम हाय तवर खावा.”

खोलीच्या खिडकीत राजश्री बाळाला घेऊन उभी होती. बाळंतिणीनं वाऱ्याला उभं राहू नये म्हणून हौसाक्का आतून ओरडत होती, पण ती हलली नाही. माझ्याकडं बघून हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की पुढच्या पानावर मी दोनदा मीठ वाढलं.

सगळ्यांत शेवटच्या पंगतीला आम्ही दोघं, मेहुणा नि आचारी बसलो. गणपतराव पोटभर जेवले. जेवता जेवता म्हणाले, “आमच्या घरचाबी गिझर असाच ठिबकतोय. या एकदा, बघून द्या.”

मी घुटमळलो. आमच्याकडं जुनी रीत आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. त्यामुळं मी त्यांच्या घरी कधी गेलोच नव्हतो, आणि ते बोलवायचेही नाहीत.

“आता काय अडचण हाय?” ते म्हणाले. “नात झाली की.”

तीन महिन्यांनी राजश्री सासरी गेली आणि पुढच्याच आठवड्यात मी नि शालन कराडला निघालो. शालन नवं लुगडं नेसलेली, माझ्या खांद्याला पान्यांची पिशवी. मुलीच्या सासरी असं जातात का, म्हणून ती सबंध वाट कुरकुरत होती. दार गणपतरावांनीच उघडलं. पायरीवर उभा असतानाच त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि आत वाट दाखवली.

राजश्री बाळाला कडेवर घेऊन धावत बाहेर आली. “आण्णा! बसा की आधी. एवढ्या लांबनं आलाय, जरा टेका तरी.”

“बसतील गं,” तिचे सासरे न्हाणीघरातून ओरडले. “आधी काम हुंदे. ते काय कुठं पळून चाललेत?”

मी बाह्या सारल्या आणि आत गेलो.